चुकलेले विज्ञान आणि टिकलेली कादंबरी : ज्यूल व्हर्नच्या खानदेशाच्या निमित्ताने

विज्ञान कादंबरी या वाङ्मयप्रकाराविषयी एक मूलभूत शंका नेहमीच उपस्थित होते. विज्ञान पुढे जाते, जुने सिद्धांत मागे पडतात, काल अद्भुत वाटलेले यंत्र आज अडगळीत पडते. मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या विज्ञानावर उभारलेल्या कादंबऱ्या आजही का वाचल्या जातात? या शंकेचे रूढ उत्तर ‘भविष्यवेध’ हे आहे. पाणबुडी, चंद्रप्रवास, यंत्रमानव यांचे दर्शन लेखकाला आधीच घडले, म्हणून त्याची कृती थोर, असे सामान्यतः मानले जाते. हे उत्तर स्वीकारले, तर ज्या कादंबरीचे विज्ञान खरे ठरले ती अभिजात आणि ज्या कादंबरीचे खोटे ठरले ती बाद, असा निकष निष्पन्न होतो. साहित्यकृतीच्या मूल्यमापनाला हा निकष कितपत उपयोगी पडतो, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण खानदेशच्या वाचकाला स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता येण्याजोगे आहे.

१. व्हर्नने रेखाटलेला खानदेश

ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी १८७२ मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः आणि १८७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. काटेकोर अर्थाने तिला विज्ञान कादंबरी म्हणता येणार नाही. तीत एकही कल्पित यंत्र नाही. परंतु ज्या ‘असामान्य प्रवास’ मालेत व्हर्नच्या चंद्रयात्रा आणि सागरतळाच्या कादंबऱ्या आल्या, त्याच मालेतील ही कृती आहे, आणि गणित व तंत्रज्ञान यांच्या आधारे कथानक उभारण्याची तिची रीतही तीच आहे.

या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने निघतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी खानदेशातून धावते. व्हर्नने या मुलखाचे नाव घेऊन त्याचे वर्णन केले आहे. प्रदेश सपाट आणि सुपीक आहे, गावे जागोजाग विखुरलेली आहेत, देवळांचे मिनार युरोपातील चर्चच्या मनोऱ्यांची जागा घेतात, आणि अनेक लहान नद्या या भूमीला पाणी देतात. मात्र या नद्या व्हर्नच्या मते बहुतांशी गोदावरीच्या उपनद्या आहेत! गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्या तापीला मिळतात, हे जळगाव-धुळ्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इंजिनाचा धूर ज्या मळ्यांवरून जातो, त्यांत कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरी यांचेही मळे आहेत. यांतला कापूस तेवढा खरा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला जी तेजी आली तिने खानदेशची शेती आणि बाजारपेठा बदलून टाकल्या. बाकीची पिके खानदेशच्या काळ्या मातीतून नव्हे, तर पौर्वात्य देशांविषयीच्या युरोपीय स्वप्नरंजनातून उगवलेली आहेत. व्हर्न भारतात कधीच आला नव्हता.

तिसरी चूक याहून मोठी आहे. कादंबरीत रेल्वेमार्ग अलाहाबादच्या अलीकडे अपुरा राहिलेला आहे. प्रत्यक्षात जबलपूर येथील जोडणी पूर्ण होऊन मार्च १८७० मध्येच मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला होता. कथानक घडते ते १८७२ मध्ये. म्हणजे जो मार्ग दोन वर्षांपूर्वी जोडला गेला होता, तो लेखकाने कथेत तोडला.

परंतु कादंबरीचे मर्म नेमके याच तुटलेल्या ठिकाणी सापडते. रूळ संपतात म्हणून फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. हत्तीवरून जंगलातून जाताना सती जाण्यास भाग पाडली जाणारी स्त्री दिसते. तोवर घड्याळाप्रमाणे वागणारा हा मनुष्य हाताशी शिल्लक असलेले बारा तास तिच्या सुटकेसाठी खर्च करायला तयार होतो. वेळापत्रकाच्या गणितात माणसाच्या जीविताला कोणते स्थान द्यायचे, हा प्रश्न तेथे उभा राहतो. लोहमार्ग सलग असता, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. भूगोलाची चूक केवळ अज्ञानातून आलेली आहे आणि तिने कथेला काही दिले नाही. रेल्वेची ‘चूक’ मात्र कथेची गरज आहे. या दोन चुकांतील भेद ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

२. पाटण येथील साक्ष

फॉगची गाडी ज्या मार्गाने गेली, त्याच मार्गावर चाळीसगाव आहे, आणि तेथून जवळच डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या आणि घराण्यातील अन्य ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्याला निकुंभ राजांनी देणग्या दिल्या, अशी नोंद त्यात आहे. काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे.

११५० मध्ये रचलेल्या या ‘सिद्धांतशिरोमणी’त एका स्वयंवह चाकाचे वर्णन आहे. चाकाच्या पोकळ आऱ्या पाऱ्याने अर्ध्या भरायच्या. मग ते चाक आपोआप फिरत राहील, अशी ती कल्पना. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित झाल्यानंतर असे चाक असंभाव्य ठरले. म्हणून भास्कराचार्यांचा ग्रंथ कोणी निकालात काढला नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’ ही विज्ञान कादंबरी नव्हे, आणि तिला तसे ठरवण्याचा अट्टाहासही येथे नाही. परंतु असंभाव्य यंत्राचीही शिस्तीने कल्पना करता येते, आणि ती शिस्त त्या यंत्राच्या अपयशानंतरही मोलाची राहते, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

३. गृहीतक आणि परिणाम

अभिजात विज्ञान कादंबरीची रचना पाहिली, तर तिच्यात बहुधा एकच मोठे गृहीतक असते. ते एकदा मान्य केले, की पुढील प्रत्येक घटना तर्काने त्यातून यावी लागते. व्हर्नच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत माणसांना तोफेतून चंद्राकडे सोडलेले आहे. अशा स्फोटाच्या धक्क्यात प्रवासी जिवंत राहणे शक्य नाही. तरीही तोफेची लांबी, दारूचे वजन, प्रक्षेपणाचे स्थान, चंद्राचे अंतर यांचा हिशेब लेखक इतक्या कसोशीने मांडतो, की वाचक त्या हिशेबात भागीदार होतो. एच. जी. वेल्सने १९०१ च्या आपल्या चंद्रकथेत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पिला. व्हर्नला ही सवलत पसंत नव्हती. आज दोन्ही वाहने सारखीच अशक्य आहेत आणि दोन्ही कादंबऱ्या सारख्याच वाचनीय आहेत. म्हणजे वाचनीयतेचे कारण वाहनात शोधून उपयोग नाही.

वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) मधील मंगळवासी आज कोणी खरे मानत नाही. परंतु आरंभीच लेखक वाचकाला टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या युरोपीयांनी केलेल्या संहाराची आठवण देतो. जे साम्राज्याने दुसऱ्यांवर केले, तेच लंडनवर झाले तर काय, हे त्या कादंबरीचे खरे गृहीतक आहे. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ (१८१८) मध्ये जीवनिर्मितीची कृती संदिग्धच ठेवलेली आहे. निर्मिलेल्या जीवाला टाकून देणाऱ्या निर्मात्याचे दायित्व तेथे सर्वांत स्पष्ट आहे. विज्ञान जुने होते. दायित्व जुने होत नाही.

४. नेमोचा भूतकाळ

भारतीय वाचकाच्या दृष्टीने याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅप्टन नेमोचे आहे. सागरतळाच्या कादंबरीत (१८६९–७०) नेमोचे मूळ अज्ञात राहते. व्हर्नच्या मनात तो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश बंडखोर होता. प्रकाशकाच्या आक्षेपामुळे ती कल्पना बाजूला पडली. पुढे ‘द मिस्टीरियस आयलंड’ (१८७४–७५) मध्ये उलगडा होतो, की नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानचा आप्त आणि १८५७ च्या उठावातील एक पराभूत योद्धा.

त्याच उठावाच्या काळात खानदेशच्या उत्तर सीमेवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटात, खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी शस्त्र उचलले होते. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली. व्हर्नला खाज्या नाईक ठाऊक असण्याचे कारण नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याशी बसून नेमोची कथा वाचणाऱ्याला पाणबुडीतल्या त्या एकाकी माणसाचा संताप परका वाटू नये. पाणबुडी आज नौदलांच्या नित्य वापरातली वस्तू आहे. तिच्यामुळे ही कादंबरी टिकली असती, तर ती केव्हाच विस्मृतीत गेली असती.

व्हर्नची मराठीत खरी ओळख करून दिली ती भा. रा. भागवत यांनी. त्यांच्या रसाळ रूपांतरांचे ऋण मोठे आहे. परंतु या कादंबऱ्या किशोरांच्या कपाटात गेल्या आणि बव्हंशी तेथेच राहिल्या. प्रौढ वाचकाने त्या पुन्हा हाती घेतल्या नाहीत, तर यंत्र स्मरणात राहते आणि राजपुत्र विसरला जातो.

५. मराठी कादंबरीपुढील प्रश्न

मराठीत विज्ञानकथा विपुल आहे. विज्ञान कादंबरी त्या मानाने थोडी. तीत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे स्थान वेगळे आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली. आपल्या कीर्तीवर नव्हे, तर कथेच्या गुणावर निकाल लागावा, ही त्यामागची भूमिका होती. ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीत एका लुप्त संस्कृतीचे ज्ञान सापडते, त्यावरून यंत्रमानव घडतो, आणि तो स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवू पाहतो. येथे शीर्षकच अर्थवाही आहे. तीन पावलांची मागणी करणारा बटू पाहता पाहता सर्व व्यापतो, ही पुराणकथा मराठी वाचकाच्या मनात रुजलेली आहे. मागणी लहान दिसते म्हणून ती मान्य करावी काय, हा बळीपुढचा प्रश्न लेखक वैज्ञानिकांपुढे ठेवतो. संगणकाची तपशीलवार वर्णने जुनी होत जातील. बुद्धिमान यंत्रांविषयीची चर्चा सर्वत्र चालू असताना तो प्रश्न मात्र अधिक टोकदार झाला आहे. परदेशी प्रकाराला देशी आशयबंध कसा लाभतो, याचाही हा नमुना आहे.

या विवेचनावरून असे म्हणता येईल, की अभिजात विज्ञान कादंबरीचे आकर्षण तिच्या भाकितांच्या अचूकपणावर अवलंबून नसते. एक गृहीतक, त्यातून येणाऱ्या परिणामांची कठोर शिस्त, आणि त्या परिणामांच्या कात्रीत सापडलेला माणूस, या तिहींच्या एकत्र येण्यातून ते निर्माण होते. ‘यातले किती खरे ठरले?’ या प्रश्नाने अशा कादंबरीचे मोजमाप करणारी समीक्षा तिला विज्ञानप्रसाराचे साधन समजते, आणि मग ती अभ्यासक्रमाबाहेर व प्रौढांच्या वाचनाबाहेर राहते. या वाङ्मयप्रकाराची मराठीतील उपेक्षा काही अंशी या मोजपट्टीची उपेक्षा आहे. व्हर्नच्या खानदेशातील नद्या चुकीच्या दिशेने वाहतात, हे खानदेशच्या वाचकाने अवश्य नोंदवावे. आणि तेवढे नोंदवून झाल्यावर, रूळ संपल्यावर फॉग काय करतो, ते पुन्हा वाचावे.