खवळलेल्या समुद्रासाठी सिट-ऑन-टॉप कयाक कशी निवडायची?



कयाक घेताना मी तेच केलं, जे आपण लॅपटॉप घेताना करतो. शीट उघडली, पाच-सहा मॉडेल्स टाकली, लांबी, रुंदी, वजन, किंमत असे कॉलम केले आणि जी सगळ्यात रुंद आणि स्वस्त निघाली ती साडेनऊ फुटांची कयाक उचलली. रुंद म्हणजे स्थिर आणि स्थिर म्हणजे सुरक्षित, असं साधं लॉजिक होतं. पुण्याजवळच्या धरणात ती मस्त चालली. मी खूश.

मग डिसेंबरमध्ये ती गाडीच्या टपावर बांधून मालवणला मावसभावाकडे नेली. त्याच्याकडे चौदा फुटांची जुनी, ओरखडे पडलेली कयाक आहे. सकाळी आम्ही दोघं तारकर्लीहून देवबागच्या दिशेने निघालो. पाणी शांत, वारा पाठीशी. दुपारी बाराच्या सुमारास परत फिरलो आणि तेवढ्यात वायव्येकडून वारा सुरू झाला. भाऊ हळूहळू का होईना, पुढे सरकत होता. मी किनाऱ्यावरचा एक वाकडा माड खुणेला धरला होता. दहा मिनिटं जीव खाऊन वल्हं मारलं तरी माड तिथेच! त्यात कयाकचं मागचं टोक जड वाटायला लागलं, एक लाट आडवी आली आणि मी पाण्यात. दोन प्रयत्न फसले, तिसऱ्यांदा कसाबसा वर चढलो. शेवटी फुटणाऱ्या लाटांमधून आपटत किनाऱ्याला लागलो.

तिथे जाळं नीट करत बसलेले एक काका आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "वारो फिरलो काय परत येवचां."

माझ्या शीटमध्ये नेमका हाच कॉलम नव्हता. ही कयाक घेऊन मी परत येऊ शकतो का? आज एकेक स्पेसिफिकेशन याच प्रश्नाने तपासू.

सिट-ऑन-टॉप म्हणजे नक्की काय?

पारंपरिक कयाकमध्ये आपण आत बसतो, पाय डेकखाली जातात. ती उलटली तर आत पाणी भरतं आणि ते उपसावं लागतं. सिट-ऑन-टॉप म्हणजे वरून-खालून बंद असलेला पोकळ प्लास्टिकचा ठोकळा. आपण त्याच्यावर बसतो. उलटली तर सरळ करायची, वर चढायचं आणि निघायचं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या किनाऱ्यावर टिम नीमियर याने अशा बोटी बनवायला सुरुवात केली. म्हणजे हा प्रकार मुळातच समुद्राच्या लाटांसाठी आला, तलावातल्या सहलीसाठी नंतर वापरला जाऊ लागला.

या बोटीत माणूस सतत भिजतो. थंड पाण्याच्या देशात ही मोठी अडचण आहे. आपल्याकडे अरबी समुद्राचं पाणी कोमट असतं, त्यामुळे कोकण-गोव्यासाठी हा प्रकार योग्यच आहे. आपल्याला थंडीपेक्षा ऊन आणि तहान जास्त त्रास देतात.

रुंदी: स्थिरता दोन प्रकारची असते

माझी पहिली चूक इथे झाली. दुकानात किंवा धरणात बसल्यावर बोट डुलत नाही, याला प्राथमिक स्थिरता म्हणतात. रुंद, सपाट तळाच्या बोटीत ती भरपूर असते. पण सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायला बघतो. पाणी आडवं असेल तर बोट आडवी. लाटेचा उतार आला की पाणी तिरकं होतं आणि बोटही तेवढीच तिरकी होते. म्हणजे जो गुण धरणात तुम्हाला सरळ ठेवतो, तोच समुद्रात तुम्हाला लाटेसोबत कलंडवतो.

थोड्या अरुंद आणि गोलसर तळाची बोट बसल्या बसल्या डळमळते, पण लाट खालून जाताना तुम्ही कंबरेतून तिला सरळ ठेवू शकता आणि बरीच कललेली असतानाही ती सावरते. ही दुय्यम स्थिरता. समुद्रात कामाला येते ती हीच.

आकड्यात सांगायचं तर ३३-३४ इंच रुंदीच्या बोटी शांत पाण्याच्या किंवा उभं राहून मासेमारी करण्याच्या. एकट्या माणसाला समुद्रासाठी साधारण २६ ते ३० इंच बघा. तुम्ही उंच किंवा वजनदार असाल तर ३० च्या जवळ. दुकानात डळमळीत वाटली म्हणून लगेच नापास करू नका, तासभर चालवून मग ठरवा.

लांबी: वाऱ्याविरुद्धचं गणित

पाण्यातून जाणारी बोट स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते आणि एका वेगाला बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. त्यापुढे कितीही जोर लावा, दमता जास्त आणि वेग वाढतो थोडासाच. हा वेग काढायचं एक ढोबळ सूत्र आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं.

माझ्या बोटीची पाण्याला टेकलेली लांबी ९ फूट धरली, तर उत्तर ४ नॉट, म्हणजे ताशी साधारण ७.४ किलोमीटर. भावाच्या बोटीची १३ फूट धरली, तर ४.८ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ९ किलोमीटर. आपण काही दिवसभर या वेगाने वल्हवत नाही. पण छोट्या बोटीत ही भिंत लवकर येते, त्यामुळे तोच वेग ठेवायला जास्त ताकद लागते.

त्यात वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी १० किलोमीटरचा वारा जाणवतही नाही, २० ला घाम फुटतो, ३० ला माड जागचा हलत नाही.

मग सोळा फुटांची घ्यायची का? अंतर कापायला ती छान. पण फुटणाऱ्या लाटांमध्ये लांब बोट वळवणं कठीण, एकट्याने उचलणं त्याहून कठीण. किनारा, खडक, लाटा असं सगळं मिश्र असेल तर १२ ते १५ फूट हा मधला मार्ग बरा पडतो.

तळाची वक्रता आणि सुकाणू

बोट बाजूने बघा. तळ केळ्यासारखा वाकलेला असेल तर टोकं वर राहतात, ती लाटेत खुपसत नाही आणि पटकन वळते. पण सरळ रेषेत जायला कुरकुर करते. तळ अगदी सरळ असेल तर उलट. आपल्याला हलकी वक्रता आणि फुगीर पुढचं टोक हवं.

बाजूने वारा आला की बहुतेक कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवतात, वातकुक्कुटासारख्या. कारण पुढचं टोक पाणी कापत घट्ट असतं आणि मागचं टोक सैल, वारा त्यालाच ढकलतो. मग एकाच बाजूला वल्हं मारत राहावं लागतं आणि तो खांदा कामातून जातो. पायाने चालणारं सुकाणू किंवा तळातून खाली सोडता येणारी पट्टी असेल तर हा त्रास वाचतो. बारा फुटांच्या वर जात असाल तर सुकाणूसाठी पैसे घाला, कप होल्डरसाठी नको.

भोकं, हॅच आणि आतलं पाणी

डेकपासून तळापर्यंत आरपार भोकं बघून लोक घाबरतात. पण त्यांचा पोकळीशी संबंध नसतो, त्या बंद नळ्या असतात. बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या वर असते, म्हणून लाटेचं पाणी त्यातून खाली निघून जातं. फुटणाऱ्या लाटांमध्ये या भोकांना बुचं लावू नका. पायाजवळ ४० लिटर पाणी साठलं तर मांडीवर ४० किलो घेऊन वल्हवण्यासारखं आहे.

वजन जास्त झालं की बोट खाली बसते आणि त्याच भोकांतून पाणी वर येतं. कंपनीने १५० किलो क्षमता लिहिली असेल तर तुम्ही आणि सामान मिळून १०० किलोच्या आसपास राहा.

खरा धोका हॅचच्या झाकणाचा. माझ्या बोटीचं झाकण नुसतं दाबून बसवायचं होतं आणि प्रत्येक लाटेला थोडं थोडं पाणी आत जात होतं. बंद पोकळीत पाणी दिसत नाही. बोट मागे कलली की सगळं पाणी मागे धावतं, उजवीकडे कलली की उजवीकडे. जिकडे कलली तिकडेच अजून ओढली जाते. बहुतेक सिट-ऑन-टॉपमध्ये आत आडव्या भिंती नसतात, त्यामुळे या पाण्याला अडवणारं काही नसतं. म्हणून रबरी गॅस्केट आणि पट्ट्यांनी आवळलेलं झाकण बघा, आणि आत हवेच्या पिशव्या कोंबून ठेवा. पाणी शिरलं तरी त्याला जागाच कमी राहील.

साहित्य आणि वजन

कोकणातल्या खडकांवर कालवं असतात, ती ब्लेडसारखी कापतात. जाड पॉलिथिलीनची बोट तिथे ओरखड्यावर निभावते, फायबरची तडकू शकते. पॉलिथिलीनला उन्हाने ठिसूळपणा येतो, म्हणून सावलीत ठेवा. हवा भरायच्या बोटी पाण्यावर उंच तरंगतात, त्यामुळे वाऱ्यात पालापाचोळ्यासारख्या उडतात. समुद्रासाठी नको.

पैसे देण्याआधीच्या चार चाचण्या

१. झाकणांवर दहा मिनिटं बादल्यांनी पाणी ओता, मग पाणी काढायचं बूच उघडा. आतून पाणी आलं तर ती बोट नको.

२. पाय टेकणार नाहीत एवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सोबत कुणीतरी असताना मुद्दाम उलटा. आडवं होऊन पाय मारत आधी पोट वर, मग बूड वळवून सीटवर, मग पाय. दमलेले असताना तीनदा जमलं पाहिजे. उंच कडांची बोट इथे नापास होते.

३. दुपारच्या वाऱ्यात वाऱ्याविरुद्ध पंधरा मिनिटं चालवा. खुणेचं झाड मागे पडतं का बघा.

४. एकट्याने गाडीवर चढवून बघा. ३० किलो कागदावर कमी वाटतात.

कोणतीही कयाक जे करू शकत नाही

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. माझ्या त्या दिवसाची गोष्ट एवढीच होती. मतलई वाऱ्यात पाणी किनाऱ्याजवळ गुळगुळीत दिसतं आणि तो वारा तुम्हाला नकळत बाहेर नेतो. म्हणून सकाळी निघा आणि वारा फिरायच्या आत परत या. जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्यासोबत असा बेत आखता आला तर उत्तम.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा मुखांवर ओहोटीच्या वेळी जाऊ नका. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा भिडल्या की लाटा उभ्या आणि टोकदार होतात. सिंधुदुर्गासारख्या किल्ल्याच्या तटाजवळ परतणाऱ्या लाटांमुळेही पाणी असंच उसळतं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज निघण्याआधी बघा. पावसाळ्यात तर विषयच नको.

किमान ५० न्यूटनचं लाइफ जॅकेट घातलेलं असू द्या, सीटमागे बांधलेलं नको. वल्ह्याला दोरी लावा. उलटल्यावर बोट सोडू नका, रिकामी बोट वाऱ्यात तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने जाते. फोन जलरोधक पिशवीत अंगावर ठेवा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सेव्ह करा.

माझी साडेनऊ फुटी अजून आहे, धरणात ती आजही मस्त चालते. समुद्रासाठी मी सेकंड-हँड तेरा फुटी, २८ इंची घेतली. पहिले दोन दिवस डुलली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. नव्या शीटमध्ये पहिला कॉलम "परत येता येईल का?" हा आहे. त्यात "नाही" आलं की पुढचे कॉलम मी भरतच नाही.