अवेअर म्हणजे काय?

इंग्रजीत 'अवेअर' असा एक शब्द आहे. ते विशेषण आहे. त्याचा अर्थ माहीत असलेला, जाणीव असलेला, भान असलेला असा होतो. आपल्याला पाढे पाठ येतात, तिथे 'नो' हे क्रियापद चालते. (नाही म्हणायचा 'नो' वेगळा, त्याचे स्पेलिंग वेगळे.) पण रस्त्यावर चालताना मागून ट्रॅक्टर येतोय हे आपल्या ध्यानात असते, तिथे 'अवेअर' शोभतो.

हा शब्द वापरायचे नियम सोपे आहेत.

१) मराठीत आपण 'मला जाणीव आहे' म्हणतो. इंग्रजीत 'मला' नाही, 'मी' येतो. आय ॲम अवेअर. नुसते 'आय अवेअर' चालत नाही. मध्ये ॲम, इज किंवा आर पाहिजेच.

२) कशाची जाणीव, ते सांगताना पुढे 'ऑफ' येतो. शी इज अवेअर ऑफ द डेंजर. म्हणजे तिला धोक्याची जाणीव आहे.

३) पुढे पूर्ण वाक्य असेल तर 'दॅट' येतो. वी आर अवेअर दॅट द वेल इज डीप. म्हणजे विहीर खोल आहे याचे आम्हाला भान आहे.

४) आपण 'सावध माणूस' म्हणतो, तसे इंग्रजीत 'अवेअर मॅन' सहसा म्हणत नाहीत. 'द मॅन इज अवेअर' म्हणतात.

याच्या उलट शब्द अनअवेअर. नाम अवेअरनेस, म्हणजे जाणीव, जागृती. बंगल्याच्या फाटकावर 'बिवेअर ऑफ डॉग' अशी पाटी असते. तो बिवेअर या शब्दाचा भाऊच आहे. जुन्या इंग्रजीत 'वेअर' म्हणजे सावध.

आता माहीत असणे आणि भान असणे यातला फरक बघा. पिकावर फवारतात त्याला आपण सगळे 'औषध' म्हणतो. खरे तर ते विष आहे. हे सर्वांना माहीत असते. पण औषध औषध म्हणता म्हणता भान सुटते. कुणी हातानेच ढवळतो, कुणी हात न धुता भाकरी खातो. विष कातडीतून पण अंगात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

त्या डब्यावर शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो आणि वरच्या भागात इंग्रजी शब्द असतो.

लाल – सर्वांत जहाल. कवटी आणि 'पॉइझन', म्हणजे विष.
पिवळा – हा पण 'पॉइझन'.
निळा – 'डेंजर', म्हणजे धोका.
हिरवा – 'कॉशन', म्हणजे सावधगिरी. हिरवा आहे म्हणून बिनधास्त राहायचे नाही.

हे तीन शब्द चौथीच्या मुलाला वाचता येतात. म्हणून मित्रांनो, घरी डबा आणला की हात न लावता लांबूनच रंग बघा, शब्द वाचा आणि आईबाबांना मोठ्याने सांगा. रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला कधीच वापरू देऊ नका. पालकांनो, तुम्ही पण मुलांचे ऐका. फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.

माहीत तर सगळ्यांनाच असते. आपण अवेअर होऊ या!

– इयत्ता ४ थी