भरपगारी रजा : मेहेरबानी नव्हे, कष्टकरी कुटुंबाचा हक्क

ऊसतोडीच्या फडात 'खाडा' हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम दंडही लावतो. ताप आला तरी खाडा, मूल आजारी पडले तरी खाडा आणि पाळीच्या वेदनेने उठवत नसले तरी खाडाच. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे कारणे अनेक होती. त्यातले एक अगदी साधे होते : या बायांना आजारी पडणे परवडत नव्हते.

भरपगारी रजेचा प्रश्न समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करायला हवी. अनेकांना वाटते, रजा हा साहेब लोकांचा विषय आहे. प्रत्यक्षात महिन्याचा पगार आणि शिल्लक असणाऱ्यापेक्षा ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यालाच तिची गरज जास्त आहे.

रजा कशासाठी?

प्रत्येक घरात तीन प्रसंग येतातच : स्वतःचे आजारपण, बाळंतपण आणि घरातल्या माणसाचे दुखणे. कंत्राटी सफाई कामगाराच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, तर पहिले पंधरा दिवस कोणीतरी तिच्या उशाशी बसावेच लागते. तो बसला तर रोजंदारी बुडते आणि ठेकेदार दुसरा माणूस लावतो. बायको बसली तर तिची धुणीभांड्याची कामे सुटतात. मग बहुतेक वेळा शाळेतल्या मुलीला घरी बसवले जाते किंवा बचत गटाचे, नाहीतर सावकाराचे कर्ज काढले जाते. आजार महिन्याभरात बरा होतो, पण कर्ज आणि सुटलेली शाळा अनेक वर्षे मागे लागते. रजेचा पगार हा खड्डा बुजवतो.

बुद्ध आणि बाबासाहेब

हा विचार आपल्याला नवा नाही. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, विशेष गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे आणि वेळच्या वेळी त्याला सुट्टी द्यावी. आजारपणातील काळजी आणि सुट्टी, दोन्हींचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. ते मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही, कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कर्तव्याला कायद्याचे बळ मिळावे म्हणून काम केले. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मात्र स्त्रियांना कामावर ठेवून फायदा मिळवणाऱ्या मालकालाही त्यांनी जबाबदारीतून मोकळे केले नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात कारखान्यांतील भरपगारी सुट्ट्यांचा कायदा झाला आणि कामगार आरोग्य विम्याची आखणी झाली. त्या आखणीतूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला. संविधानाचे कलम ४२ कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करण्यास राज्याला सांगते.

आज काय मिळते?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. रजेच्या काळात कामावरून काढून टाकणे बेकायदा आहे. गर्भपात झाल्यास ६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत.

ज्यांचा पगार महिना २१ हजार रुपयांपर्यंत आहे, त्यांना ईएसआय लागू होते. कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यातून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. क्षयरोग, कर्करोग अशा दीर्घ आजारांत ते ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

भोक कुठे आहे?

पहिले म्हणजे, हे सारे आस्थापनेच्या दारापाशी थांबते. शेतमजूर, घरकामगार, नाक्यावर उभा राहणारा मजूर, फेरीवाला आणि ऊसतोड कामगार दाराबाहेरच राहतात. आपल्या समाजातील मोठा वर्ग याच कामांत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. ती मदत आहे, २६ आठवड्यांची मजुरी नव्हे.

दुसरे म्हणजे, घरच्या माणसाच्या आजारपणासाठी खासगी नोकरीत वेगळी भरपगारी रजाच नाही. वडिलांनाही हक्काची रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस पितृत्व रजा मिळते, खासगी नोकरीत मात्र ती मालकाच्या मर्जीवर आहे. म्हणजे शुश्रूषा हे बाईचेच काम, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे.

तिसरे म्हणजे, ईएसआयच्या बाहेर प्रसूती रजेचा सगळा पगार एकट्या मालकाला द्यावा लागतो. त्यामुळे काही मालक तरुण विवाहित स्त्रीला कामावर घ्यायलाच कचरतात. ज्या हक्काने तिची नोकरी टिकायची, त्याच हक्काच्या धास्तीने तिला नोकरी नाकारली जाते.

पैसा कोण देणार?

याचे उत्तर १९२८ च्या त्या भूमिकेत आहे. भार एकट्यावर टाकू नये, तो मालक, सरकार आणि समाजाने मिळून उचलावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मातृत्व संरक्षण कराराचेही तत्त्व हेच आहे. आपल्याकडे असे मार्ग आधीच तयार आहेत. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेऊन बांधकाम कामगारांचे मंडळ चालते. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी प्रतिटन १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने द्यायचे, असे ठरले आहे. मग याच निधीतून खाड्याच्या दिवसाची मजुरी का देऊ नये? आजारी बाईच्या हातावर दंडाऐवजी मजुरी पडली, तर तिला शरीराचा अवयव गमावून काम टिकवावे लागणार नाही.

आपण काय करावे?

कायदा बदलण्याची मागणी तर करायचीच. पण जे आज मिळते, तेही आपण पुरते घेत नाही. पगारातून ईएसआय कापली जात असेल, तर आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि ठेकेदार पैसे खरोखर भरतो का, ते तपासा. आजारपणात ईएसआय दवाखान्यातूनच प्रमाणपत्र घ्या, कारण त्याशिवाय दावा अडतो. गरोदर महिलेने रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोचपावती जपून ठेवावी. कामावरून काढले, तर कामगार कार्यालयात तक्रार करावी. बांधकामावर असाल, तर मंडळाकडे नोंदणी करा आणि ती वेळच्या वेळी नूतनीकृत करा.

प्रत्येक वस्तीतल्या विहारात महिन्यातून एक रविवार या कामासाठी ठेवता येईल. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत, युनियनच्या कार्यकर्त्याला बोलवावे. वंदना झाल्यावर तासभर पुरे. बाबासाहेबांनी ज्या हक्कांचा पाया घातला, ते आपल्याच वस्तीत अर्जाअभावी पडून राहू नयेत.