मावळ्याच्या अंगरख्यावरची सावली

दिवाळीत कोल्हापूरच्या पेठापेठांतून मातीचे किल्ले उभे राहतात. कुंभारगल्लीतून आणलेले मावळे त्यांवर चढतात. पण नीट पाहा. किल्ला खरा वाटतो, मावळा मात्र खेळण्यातलाच! असे का बरे?

साच्यातून काढलेल्या चित्राच्या अंगरख्याच्या चुण्या उथळ असतात. त्यांत पुरेशी सावली पडत नाही, म्हणून ते सपाट दिसते. मग सावली आपणच रंगवायची. मावळा ॲक्रिलिक रंगाने रंगवून पूर्ण वाळू द्या. (पोस्टर रंग पाण्याने पुन्हा विरघळतो.) आता तपकिरी रंग पाण्यात खूप पातळ करा, त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका व तो सगळीकडे फिरवा. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो; ते पसरते व चुण्यांत साचते. पाणी उडून जाते, रंग तेथेच राहतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग घासा. तो केवळ उंचवट्यांना लागतो.

इंग्लंडमध्ये १९८७ साली निघालेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या अंतराळयुद्धाच्या खेळातील सैनिकही असेच रंगवतात. त्यांच्या यंत्रांवर तर गंजही चढवतात! तुमच्या किल्ल्यावरील तोफेला गंज हवा? गेरू लावा. गंज, गेरू आणि पन्हाळ्याचा तांबडा जांभा दगड, या तिघांचाही रंग लोहाच्या ऑक्साइडांचाच. मात्र गंज वाटेल तेथे फासू नका. पाणी जेथे साचेल, ओघळेल, तेथेच तो दाखवा. त्यासाठी आधी एखादे जुने लोखंडी फाटक निरखा. रंगवणे त्यानंतर!