सांगलीच्या फोर्डचे अमेरिकेतले भाऊबंद

देवराष्ट्रे म्हटलं की यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, ही ओळख महाराष्ट्राला पाठ आहे. डिसेंबर २०२१मध्ये सांगली जिल्ह्यातल्या या गावाचं नाव वेगळ्याच कारणाने देशभर झालं. दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरवण्यासाठी भंगारातल्या सामानातून एक चारचाकी बांधली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये. समोरून पाहिली तर जीपचीच चेहरेपट्टी, पण सुरू करायची ती मोटारसायकलसारखी किक मारून. आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, ती नियमात बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली. त्याच सुमारास सांगलीच्या अशोक आवटी यांची छोटी मोटारही बातम्यांत झळकली. जुन्या दुचाकीचे भाग वापरून, तीसेक हजारांत, थेट १९३०च्या फोर्डच्या घाटाची!

या दोन्ही गाड्यांना आपण ‘जुगाड’ म्हणून मोकळे झालो. माझ्या मते त्यांचं गोत्र फार मोठं आहे. अमेरिकेत ज्या गाड्यांना हॉट रॉड आणि स्ट्रीट रॉड म्हणतात, त्यांच्याच या भाऊबंद.

ती गोष्ट फोर्डच्याच गाडीपासून सुरू होते. १९०८ ते १९२७ या काळात हेन्री फोर्डने दीड कोटी ‘मॉडेल टी’ विकल्या. तिशीच्या दशकात या गाड्या भंगाराच्या भावात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली गॅरेजात रमणारी तरुण मुलं त्या उचलू लागली. मडगार्ड काढ, बॉनेट काढ, वजन कमी कर, इंजिनाला दुसरा कार्ब्युरेटर जोड, आणि मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर गाडी पिटाळ, असा तो उद्योग. १९३२मध्ये फोर्डने सामान्यांच्या खिशाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. आठ सिलिंडरचा अख्खा ब्लॉक एकसंध ओतून काढायचा, हे ओतकामातलं मोठं धाडस होतं. ते साधलं म्हणून ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन स्वस्तात देता आलं. आजही रॉडवाल्यांच्या लेखी १९३२च्या फोर्डइतका मान दुसऱ्या गाडीला नाही.

पुढे हा छंद शर्यतीतून रस्त्यावर आला. १९७०मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात स्ट्रीट रॉडचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. गाडी १९४८ची किंवा त्याआधीची हवी, ही मेळाव्याची जुनी अट. घाट जुना, पोटातलं सगळं नवं: शेवरलेचं ताकदवान इंजिन, डिस्क ब्रेक, ऑटोमॅटिक गिअर, एसीसुद्धा. कित्येक गाड्यांचे खिडक्यांमधले खांब इंच-दोन इंच कापून छत खाली बसवलेलं असतं. हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण पुढची काच, दारं, मागची काच, सगळ्यांचे कोन त्यात बदलतात. वेल्डिंगची शिवण हाताला लागता कामा नये, यात पत्राकाम करणाऱ्याची खरी कसोटी.

आता सातारा-सांगलीकडे वळू. इथल्या माणसाचा हात लोखंडावर बसला, त्यामागे शंभर वर्षांची परंपरा आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२मध्ये कारखाना काढला. नांगरापाठोपाठ डिझेल इंजिनं आली. विहिरीवरचं इंजिन सुरू करताना ज्याने पाहिलं असेल त्याला ते आठवेल. एका हाताने डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, दुसऱ्या हाताने हँडल मारायचं, फ्लायव्हीलने गती घेतली की खटका सोडायचा आणि हँडल चपळाईने बाजूला घ्यायचं. ‘मॉडेल टी’सुद्धा पहिली दहाएक वर्षं हँडल मारूनच सुरू व्हायची. चुकीच्या वेळी ठिणगी पडली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. देवराष्ट्रेच्या गाडीची किक त्याच घराण्यातली: पायाच्या जोरावर क्रँकशाफ्टला पहिला फेरा द्यायचा, पुढचं इंजिन बघून घेतं.

अमेरिकन मोटारीही आपल्याकडे काही परक्या नव्हत्या. फोर्डने १९२६मध्ये भारतात कंपनी काढली. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला शेवरले जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वालचंदांच्या नावाचं. नुसते सुटे भाग आणून गाडी जोडता येणार नाही, ती इथेच बनवावी लागेल, असं सरकारी धोरण १९५३मध्ये ठरल्यावर फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही आवरतं घेतलं. सुटे भाग मिळेनासे झाले आणि जुन्या गाड्या मिस्त्रींच्या हवाली झाल्या. पेट्रोल ढोसणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवायचं, हा उपाय देशभर रूढ झाला. अमेरिकन पोराने इंजिन बदललं ते वेगासाठी, आपल्या मिस्त्रीने बदललं ते लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून. कारागिरी तीच. पुढे विलिज जीपच्या वंशातल्या महिंद्राच्या जीपगाड्या आपल्या भागात वडाप म्हणून धावल्या. दहाजणांच्या गाडीत दुप्पट माणसं घेऊन घाट चढणाऱ्या त्या गाड्यांच्या पाट्यांना आणि क्लचला गावोगावच्या गॅरेजांनीच तगवलं.

कायद्याच्या नजरेत मात्र या कारागिरीला जागा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. जुलै २०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ती गाडी रोजच्या वापराला नाही, रॅलीला आणि प्रदर्शनाला काढायची. नियम रास्त आहे, त्याने अस्सल वारसा जपला जाईल. पण अमेरिकेतला एकही खरा स्ट्रीट रॉड या चाळणीतून पार होणार नाही, आणि सांगलीची फोर्ड तर नाहीच.

रस्त्यावरच्या सुरक्षेशी तडजोड नको, हे मलाही मान्य आहे. घरी बांधलेल्या गाडीचे ब्रेक किती अंतरात लागतात, स्टिअरिंगचा सांधा किती ताण सोसतो, हे कुणीतरी मोजायलाच हवं. म्हणूनच सातारा-सांगलीत जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरेल तेव्हा हाती बांधलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवावा, असं मनापासून वाटतं. वालचंद महाविद्यालयाच्या मैदानावर जागा आहे, मोजमाप करू शकणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी आहेत. गाडीशेजारी तिच्या कर्त्याने उभं राहावं, बॉनेट उघडं ठेवावं आणि कुठला भाग कुठल्या गाडीचा, तो का निवडला, वेल्डिंग कुठे दोनदा करावं लागलं, हे येणाऱ्या पोरांना बोट लावून दाखवावं.