बहार ओसरण्याआधी

जानेवारी-फेब्रुवारीत लोधीखेड्याच्या भोवतालचे संत्र्याचे बगीचे आंबिया बहाराला येतात. त्याआधी झाडांना ताण दिलेला असतो. पाणी तोडल्यावर पानं मलूल होतात आणि ताण सोडून पुन्हा पाणी दिलं की काही आठवड्यांत फांद्या पांढऱ्या कळ्यांनी लगडतात. या दिवसांत इकडची शाळा-कॉलेजातली मुलं मोबाइलवर फुलांचे फोटो काढतात आणि मला आणून दाखवतात. प्रश्न एकच असतो, "कसा आला जी?"

"छान" म्हटलं की मूल खूश होऊन जातं, पण उद्या तोच फोटो पुन्हा तसाच काढतं. "जमला नाही" म्हटलं तर उद्या काढतच नाही. दोन्ही उत्तरांनी त्याचा बहार वाया जातो. आंबिया बहाराची फुलं थोडे दिवस टिकतात, मग पाकळ्या गळतात आणि मिरीएवढी हिरवी फळं उरतात. फोटोबद्दलचं मत उपयोगी पडायचं असेल, तर ते फूल झाडावर असतानाच द्यावं आणि उद्या सकाळी करून पाहता येईल असं द्यावं.

एका मुलीने संत्र्याच्या फुलाचा फोटो आणला. भर दुपारचा होता. फुलाच्या जागी पांढरा डाग आणि भोवती गडद पानं. मी आधी विचारलं, "तुला यात काय दाखवायचं होतं?" ती म्हणाली, "मले ते मधातलं पिवळं दाखवाचं होतं." हा प्रश्न विचारल्याशिवाय मी मत देत नाही, एरवी आपण आपल्या मनातल्या फोटोवर बोलत बसतो. मग जे जमलं होतं ते नेमकं सांगितलं. तिने फूल वरून न टिपता बाजूने टिपलं होतं, त्यामुळे मागची न उमललेली कळीही चौकटीत आली होती. त्यानंतर उणीव, कारणासकट. चौकटीत गडद पानं जास्त असली की कॅमेऱ्याला सगळं दृश्य अंधारं वाटतं आणि तो उजेड वाढवतो. पाकळी मुळातच पांढरी, ती जळून सपाट होते. उपाय सोपा होता. पडद्यावर पाकळीला बोट लावायचं, बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह पाकळीची कड दिसेपर्यंत खाली ओढायचं आणि ऊन कडक असेल तर मध्ये पांढरा पंचा धरायचा.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत जाड, मेणचट पाकळ्यांच्या कडा उमटल्या होत्या. आता फोकस पुढच्या पाकळीवर होता आणि पिवळे परागकोश धूसर होते. फूल अगदी जवळून टिपताना स्पष्टतेची पट्टी फार अरुंद असते. झुळकेने फांदी बोटभर हलली तरी फूल त्या पट्टीबाहेर जातं. हे मी आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं, कारण एका वेळी एकच दुरुस्ती सांगितली तर ती हातात बसते. आता सांगितलं की वारा पडलेला असतो तेव्हा, सकाळी लवकर जा, बोट परागकोशांवर लाव आणि लागोपाठ बरेच फोटो घे.

फूल बदललं की मतही बदलावं लागतं. पळस फुलतो तेव्हा अडचण वेगळी असते. त्याचा केशरी-लाल रंग इतका दाट असतो की कॅमेऱ्यातली लाल रंगाची नोंद काठोकाठ भरते. बाकी फोटो ठीक दिसतो, पण राघूच्या चोचीसारख्या वळलेल्या पाकळीवरची मखमली लव आणि घड्या पुसल्या जातात. अशा वेळी मी तोच फोटो कृष्णधवल करून दाखवतो. रंग काढून घेतला की आकार उरला आहे की नाही, हे मुलाला स्वतःलाच दिसतं. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी विद्यार्थ्यांना आकार कळावेत म्हणून साध्या पार्श्वभूमीवर वनस्पतींचे असेच कृष्णधवल फोटो काढले. 1928 साली त्यांचं पुस्तक निघालं.

हेतू वेगळा असला तर गुण-दोषही फिरतात. श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक रानफुलं ओळखण्यासाठी आहे. ओळख पटवायची तर पान, देठ, कळी दिसायलाच हवी. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मागचं सगळं पुसतो, कधी कधी केसरांची टोकंही खातो. भिंतीवर लावायच्या फोटोत पार्श्वभूमी धूसर असणं बरं. झाड ओळखायचं असेल तर तीच मोठी उणीव ठरते.

कपाशीने मला सर्वांत महत्त्वाचं शिकवलं. पावसाळा सरताना एका मुलाने दोन फोटो आणले, एक फिकट पिवळसर फुलाचा, एक गुलाबी फुलाचा. त्याला ती दोन वेगवेगळी वाणं वाटली होती. फोटो दोन्ही नीट होते. रचना, उजेड, फोकस, कशावरही बोलण्यासारखं नव्हतं. शेजारी बसलेली त्याची आजी म्हणाली, "अरे, कालचं फूल आज गुलाबी होते." अमेरिकन कपाशीचं फूल सकाळी दुधट पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. तिच्या त्या एका वाक्याने पुढचं काम ठरलं. फुलाच्या देठाला दोरा बांधायचा आणि तेच फूल, त्याच जागेवरून, लागोपाठ दोन सकाळी टिपायचं. कॅमेऱ्याचं कितीही ज्ञान असतं तरी ही सूचना मला सुचली नसती. तेव्हापासून पिकाच्या फुलाचा फोटो आला, की माझं मत देण्याआधी तो मी ते पीक घेणाऱ्या माणसाला दाखवतो.