जुन्या मालमोटारीचें एंजिन

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९०८ सालीं ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारांत आणिली व १९१७ सालीं तेंच एंजिन घालून एक टन ओझ्याची मालमोटार काढिली. तिचें नांव ‘मॉडेल टीटी’. १९२७ सालीं दोहोंचेंही उत्पादन थांबलें. तथापि कोठारांत गंजत पडलेल्या ह्या गाड्या पुन्हां रस्त्यावर आणणारे हौशी लोक आजही तेथें पुष्कळ आहेत. रंग व लांकडी सांगाडा ह्यांविषयीं आम्ही येथें कांहीं सांगत नाहीं. गाडीचा जीव एंजिनांत व त्यास जोडलेल्या गतिबदलाच्या पेटींत असतो.

एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २० अश्वशक्तीचें. त्याचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांत फिरतो व त्या बेअरिंगांस बॅबिट धातूचें अस्तर असतें. कथील, अँटिमनी व तांबें ह्यांचा हा मऊ मिश्रधातु मुद्दामच मऊ ठेविलेला आहे. झीज त्यानें सोसावी व पोलादी दांडा वांचावा. जुनें अस्तर वितळवून काढितात, एंजिनाचा ठोकळा तापवितात, नवा रस ओततात आणि तिन्ही बेअरिंगें एका सरळ रेषेंत कोरतात. दांडा व अस्तर ह्यांमध्यें इंचाच्या हजाराव्या भागाच्या एकपट ते दीडपट एवढीच फट असावी. परंतु हा दांडा बारीक असून त्यांत न दिसणारी भेग असण्याचा संभव फार. तिची परीक्षा केल्यावांचून बेअरिंगें ओतणें म्हणजे वाळूवर घर बांधणें होय.

गतिबदलाची पेटी मात्र आम्हांस गणिताच्या तासाला नेण्याजोगी वाटते. फ्लायव्हीलवर तीन खुंट्या असून प्रत्येकीवर २७, ३३ व २४ दात्यांचीं तीन चाकें एकजीव बसविलेलीं असतात. २७ चें चाक मागील दांड्याच्या २७ दात्यांशीं, ३३ चें मंदगतीच्या ड्रमाच्या २१ शीं व २४ चें उलटगतीच्या ड्रमाच्या ३० शीं अडकतें. डावें पेडल दाबलें कीं पट्टा मंदगतीचा ड्रम आंवळून धरतो. मग फ्लायव्हीलचा एक फेरा होतांना खुंटीवरील चाक स्वतःभोंवतीं २१/३३ फेरा फिरतें, आणि मागील दांड्यास तेवढेंच मागें ढकलतें. उरला १ – २१/३३, म्हणजे ४/११ फेरा. अर्थात् एंजिनाचे पावणेतीन फेरे, तेव्हां दांड्याचा एक. मधलें पेडल दाबून उलटगतीचा ड्रम धरिला, तर १ – ३०/२४ म्हणजे उणे १/४. ऋणचिन्ह कशासाठीं, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही ह्याहून सुबोध उत्तर देऊं शकत नाहीं: गाडी मागें जाते! उजव्या पेडलाचा पट्टा थांबविण्यासाठीं असून, वेगाची गति क्लचच्या चकत्यांनीं मिळते.

जुळवितांना तिन्ही खुंट्यांवरील चाकें खुणेप्रमाणेंच बसवावीं लागतात. एक दांता चुकला तरी सारें अडून बसतें. खुंट्यांवरील कांशाच्या नळ्या झिजलेल्या असल्यास नव्या घालाव्या.

पट्ट्यांस मूळचें अस्तर सुती असे, व ओझें घेऊन चढ चढणारी मालमोटार मंदगतीचा पट्टा फार घासते. त्याचे तंतु तेलांत मिसळतात. एंजिन व पेटी ह्यांचें तेल एकच असून त्यास पंप नाहीं. फ्लायव्हीलनें उडविलेलें तेल नरसाळ्यांत पडून एका नळीनें पुढें जातें. नळी तंतूंनीं बुजली कीं पुढचीं बेअरिंगें कोरडीं पडून, एवढ्या श्रमानें ओतलेला बॅबिट कांहीं मैलांतच जातो. म्हणून जाणते कारागीर जाळी व दुसरी बाहेरची नळी बसवितात. मूळ रूपांत एवढा फेरफार आमच्या मतें क्षम्य आहे.

हँडल मारून सुरू करितांना ठिणगीची कांडी मागें ओढलेली असलीच पाहिजे. न पेक्षां एंजिन उलटा झटका देऊन हात मोडतें. शिवाय थंडींत दाट झालेल्या तेलानें क्लचच्या चकत्या चिकटून राहतात, आणि एंजिन सुरू होतांच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर सरकते. ह्यासाठीं पुढील चाकांस दगड लावून मागचें एक चाक जॅकनें उचलून ठेवितात, व तेल तापून पातळ झाल्यावरच तें खालीं सोडितात.